कागदाच्या घडीवरची कविता: शेवटचं कडवं ठेवू की काढू?

तिरपी रेघ

गेले तीन आठवडे एका कवितेवर अडून बसले आहे. रोज एक शब्द बदलते, दुसऱ्या दिवशी तोच परत आणते. आता दुसऱ्या डोळ्यांची गरज आहे. खर्डा असा:

*घडी*

*एक कोरा चौकोन घेतला*
*कोपऱ्याला कोपरा जुळवला*
*नखाने रेघ ओढली*
*आणि कागदाने पहिलं दुःख पचवलं*

*पुन्हा दुमडला, पुन्हा दुमडला*
*हळूहळू त्याला पंख फुटले*
*चोच आली, मान आली*
*कात्री न लावता तो उडायला शिकला*

*मग मी त्याला उलगडलं*
*पुन्हा चौकोनच होता तो*
*पण आता कोरा नव्हता*
*हजार आठवणींच्या सुरकुत्या होत्या*

*माणसाचंही असंच असतं*
*आयुष्य घड्या घालत जातं*
*आणि त्या घड्यांमधूनच*
*आपण आकार घेतो*

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शेवटचं कडवं ठेवू की काढू? आणि पहिल्या कडव्यातला 'दुःख' हा शब्द जड होतोय का? नुसतं 'छान' म्हणून सोडू नका. कविता अजून कच्ची आहे, आत्ता मोडली तर पुन्हा जुळवता येईल.

पाऊलखूण

'पुन्हा चौकोनच होता तो, पण आता कोरा नव्हता' इथे मी थांबले. कविता संपली असं वाटलं. मग खाली आणखी पाच ओळी दिसल्या. माझं मत यातच आलं.

दोन ओळी

तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो.

'दुःख' जड आहेच, पण अडचण वजनाची नाही, वेळेची आहे. चौथ्याच ओळीत कागदाला दुःख झालं. तोवर वाचकाने एक कागद आणि एक नख पाहिलं आहे. त्याला अजून काही वाटायला लागलेलं नाही आणि तुम्ही काय वाटायला हवं ते सांगून मोकळ्या झालात.

दुसरं कडवं मला सगळ्यात कच्चं वाटलं. 'पंख फुटले' हा वाक्प्रचार आहे. एरवी मराठीत पंख कल्पनेला फुटतात, पोरांना फुटतात. इथे तर खरोखरचे पंख आहेत, दोन हातांनी घडवलेले. खऱ्या पंखांसाठी वापरून गुळगुळीत झालेले शब्द आले की पंख दिसेनासे होतात. 'उडायला शिकला' हेही तसंच. कागदाचा पक्षी उडत नाही. तो टेबलावर बसतो, शेपूट ओढली तर फार तर पंख हलवतो. तेच लिहिलं असतंत तर मी जास्त विश्वास ठेवला असता.

आणि 'सुरकुत्या'. सुरकुती पडते, घडी घालतात. सुरकुतीला कुणाचा हात लागत नाही, घडीला लागतो. तुमची सगळी कविता हाताबद्दल आहे आणि नेमक्या उलगडण्याच्या जागी तुम्ही हात काढून घेतलात. मराठीत मोड, चुणी, सुरकुती, दुमड, घडी असे इतके शब्द शेजारी शेजारी उभे असताना चुकीचा उचलणं परवडणार नाही.

शेवटचं कडवं काढा. तिसऱ्याने जे काम केलं, तेच चौथं समजावून सांगतंय.

शेवंती

मी दोन ओळी यांच्याशी सहमत नाही. मला शेवटच्या कडव्यानेच धरून ठेवलं.

मी कवितेतली जाणकार नाही, पण वाचते भरपूर. सगळ्यांना सगळं सूचकच का हवं असतं? थेट बोलणाऱ्या कविता लोक पाठ करतात, कठीण दिवसांत एकमेकांना पाठवतात. गेल्या वर्षी माझं एक मोठं आजारपण झालं. त्या काळात मला कुणीतरी सरळ सांगायला हवं होतं की या घड्यांमधूनच आकार येतो. 'कागद, नख, रेघ' वाचून तेव्हा मला काही मिळालं नसतं. तेव्हा ताई, काढायच्या आधी दहादा विचार करा.

तिरपी रेघ

शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आता बऱ्या आहात ना? म्हणूनच मी अडकले आहे. वाचून दाखवली की समोरच्याचा चेहरा त्याच कडव्याला हलतो, आणि मला स्वतःला ते कडवं लिहिल्यापासून खोटं वाटतंय.

दोन ओळी, 'सुरकुती पडते, घडी घालतात' हे वहीत लिहून घेतलं.

नवखा

एक बाळबोध प्रश्न. 'पुन्हा दुमडला, पुन्हा दुमडला' वाचून आठवलं, कोणताही कागद सातपेक्षा जास्त वेळा दुमडता येत नाही म्हणतात. खरं आहे का? तसं असेल तर कवितेत सात घड्यांचा उल्लेख छान बसेल.

वर्गमूळ

नवखा, साधा कागद हातात घेऊन निम्मा निम्मा करत गेलात तर सातच्या आसपास हात टेकतातच. दर घडीला थर दुप्पट होतात: २, ४, ८, असं करत सातव्या घडीला १२८ थर. कागद ०.१ मिलिमीटर जाड धरला तर सव्वा सेंटिमीटरच्या वर ठोकळा तयार होतो आणि लांबी-रुंदी मात्र आक्रसलेली असते. पण सात हा काही निसर्गनियम नव्हे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलीने खूप लांब आणि पातळ कागदाची गुंडाळी एकाच दिशेने दुमडत १२ घड्या घालून दाखवल्या, आणि किती घड्यांना किती लांब कागद लागेल याचं सूत्रही मांडलं. (हाच हिशेब कागदावर चालू ठेवला तर ४२ घड्यांत जाडी चंद्राच्या पलीकडे जाते. ०.१ मिलिमीटरला ४२ वेळा दुप्पट करून बघा, ४ लाख ३९ हजार किलोमीटर येतात.)

पण पक्षी करताना सगळा कागद दर वेळी निम्मा होत नाही, त्यामुळे सातचा आकडा या कवितेत घालू नका. 'हजार' हाही सवयीने आलेला आकडा आहे. माझ्याकडे घडीतलंच एक खरं गणित आहे, कवितेच्या कामाचं वाटतं म्हणून देतो.

एक कागद घ्या. मधोमध दुमडा, मग आडवा पुन्हा मधोमध दुमडा. उलगडा. मध्यबिंदूतून चार रेघा निघालेल्या दिसतील. काही रेघा तुमच्याकडे उंचावलेल्या असतात, त्यांना डोंगर म्हणतात. काही खोल गेलेल्या, त्या दऱ्या. मोजा. तीन एका प्रकारच्या आणि एक दुसऱ्या प्रकारची निघेल. दोन-दोन कधीच निघणार नाहीत. कागद सपाट मिटायचा असेल तर आत जिथे घड्या एकत्र येतात अशा कुठल्याही बिंदूपाशी डोंगर आणि दऱ्या यांच्यातला फरक नेहमी २ असतो. जुन माएकावा या जपानी घडीकाराच्या नावाने हा नियम ओळखला जातो. समसमान वाटणी झाली की कागद मिटतच नाही. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी घरातले बरेच कागद खराब केले.

पाऊलखूण

आत्ता करून बघितलं. तीन आणि एक! कामाचं पत्र होतं, आता त्याला घड्या पडल्या.

घडीवर घडी

वर्गमूळ यांनी डोंगर-दरी काढलीच आहे, तर पुढचं मी सांगते. गेली अकरा वर्षं कागद दुमडतेय.

डोंगर आणि दरी या दोन वेगळ्या घड्या नाहीतच. कागद उलटा करा, डोंगराची दरी होते. तुम्ही कुठल्या बाजूने बघताय एवढाच फरक. घड्या लिहून ठेवायच्या आकृत्यांमध्ये दरीसाठी तुटक रेघ आणि डोंगरासाठी मध्ये टिंबं असलेली तुटक रेघ काढतात. अकिरा योशिझावा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर रेघांची आणि बाणांची ही पद्धत बसवली आणि आज कुठल्याही भाषेतला माणूस ती वाचू शकतो. कागद किंचित ओला करून मऊ, गोलसर आकार काढायची रीतही त्यांचीच.

आता कवितेबद्दल. 'कात्री न लावता' यावर माझा आक्षेप आहे. ओरिगामीत कात्री चालत नाही हा कडक नियम जुना नाही. १७९७ मध्ये जपानमध्ये क्रौंचांच्या घड्यांवर एक पुस्तक छापलं गेलं, त्यातले एकमेकांना जोडलेले पक्षी एकाच कागदाला चिरा देऊन केलेले आहेत. तेव्हा कात्री न लावणं ही पुण्याची गोष्ट म्हणून येत असेल तर नको. तुमच्या हातून ती लागली नाही एवढंच सांगायचं असेल तर ठीक.

आणखी एक. 'चोच आली, मान आली' हा क्रम उलटा आहे. मान आधी येते, चोच नंतर. ज्याने एकदा पक्षी केलाय तो या ओळीवर अडखळेल.

मानेची घडी ही नव्या माणसाची अडण्याची जागा. तिथे नुसतं दुमडून भागत नाही. कागद जरा उघडायचा, कण्याची जी रेघ बाहेर आलेली असते ती तेवढ्या भागात आत ढकलायची आणि मग मिटायचं. तिला आतली उलटी घडी म्हणतात. शिकवताना मी कितीही वेळा करून दाखवली तरी समोरच्याच्या हातात ती एकदम, अवचित येते. आली की माणूस हसतोच.

तिरपी रेघ

मान आधी, चोच नंतर. हे मला माहीत असायला हवं होतं. मी लिहिताना लयीसाठी उलटवलं. आभार.

अनुष्टुभ

रचनेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. मुक्तछंद ठीक आहे, पण घडीवरच्या कवितेला स्वतःची घडी नको का? घडी म्हणजे निम्मं होणं. मग ओळही निम्मी होऊ द्या. आठ अक्षरं, चार, दोन, एक. करून पाहिलं:

*कोपऱ्यावर कोपरा*
*नखाखाली*
*रेघ*
*ही*

पाऊलखूण

सुरेख! पुढची घडी घातली तर अर्धं अक्षर उरेल, ते म्हणायचं कसं?

अनुष्टुभ

अर्धं अक्षर म्हणजे श्वास. तो वाचकाने घ्यायचा.

दोन ओळी

अनुष्टुभ, चार ओळींचा तुकडा म्हणून मला हा फार आवडला. पण चार कडवी असं केलं तर वाचक अक्षरं मोजत बसेल. तुमचं 'कोपऱ्यावर कोपरा' मात्र मूळ 'कोपऱ्याला कोपरा जुळवला' पेक्षा सरस आहे. क्रियापद गेलं आणि तरी हात दिसतो.

ओंजळ

हजार क्रौंचांची गोष्ट कवितेत आणता आली तर? हिरोशिमाची सादाको सासाकी. बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, १९५५ मध्ये बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. हजार क्रौंच केले की इच्छा पूर्ण होते म्हणतात, म्हणून बरं वाटावं यासाठी रुग्णालयात ती कागदाचे पक्षी करत राहिली, औषधांच्या वेष्टनांचेसुद्धा. १९५८ मध्ये हिरोशिमात मुलांसाठी स्मारक उभं राहिलं, त्यावर हातात पक्षी उंच धरलेली मुलगी आहे. कवितेला एकदम मोठा अवकाश मिळेल.

दोन ओळी

मिळेल, पण उसना. सादाकोची गोष्ट आली की मग वाचकाला दुसरं काही ऐकू येणार नाही, आणि त्याला जे वाटेल ते तिच्यासाठी वाटेल. त्या मुलीचं दुःख आपल्या कवितेला टेकू म्हणून लावू नये असं मला मनापासून वाटतं.

ओंजळ

हे पटलं. औषधाच्या वेष्टनांचा तपशील मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. कागद मिळेल तो, आकार मिळेल तो, ती दुमडत राहिली.

घडीवर घडी

'क्रौंच' शब्द मुद्दाम टाळला असेल तर बरंच केलंत. मराठी कानाला क्रौंच म्हटलं की बाण लागलेला पक्षी आणि आदिकवी दोघंही येऊन उभे राहतात. नुसतं 'पक्षी' पुरे.

फर्मा

पुस्तकबांधणीच्या धंद्यात तीस वर्षं काढली. आमच्याकडे घडी ही कला नव्हती, काम होतं. मोठा छापील ताव यायचा, त्याला एकावर एक तीन घड्या घातल्या की सोळा पानी फर्मा, म्हणजे पुस्तकात शिवायचा एक गठ्ठा, तयार. छापलेला ताव उघडा पाहिला तर पानं वेडीवाकडी, काही चक्क उलटी छापलेली. एकला लागून सोळा. नव्या पोराला वाटायचं छापणाऱ्याने घोळ घातलाय. घडी पडली की सगळी पानं आपापल्या जागी सरळ होऊन बसतात. मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

घडी नखाने घालत नाहीत, दिवसाला शेकडो ताव असतील तर नख टिकणार नाही. गुळगुळीत घासलेली हाडाची पट्टी असते, ती रेघेवरून ओढायची. आणि कागदाला दिशा असते. तयार होताना त्याचे तंतू बरेचसे एकाच बाजूला आडवे झालेले असतात. तंतूंच्या बाजूने दुमडा, रेघ सरळ आणि गोड पडते. तंतूंच्या आडवी दुमडा, कड फाटल्यासारखी खरखरीत होते, जाड कागद असेल तर वरचा थर तडकतो. म्हणजे कागद एका बाजूला राजीखुशीने वळतो, दुसऱ्या बाजूला वळवावा लागतो. तुमच्या पहिल्या कडव्यातलं 'दुःख' मला याच कारणाने अर्धं पटलं. घडीच्या जागी तंतू खरंच दुखावतात. इस्त्री फिरवली, वजनाखाली महिनाभर ठेवला, तरी रेघ राहते. कागदाची ताकद तपासायची एक चाचणीच अशी आहे की एकाच रेघेवर तो मागे-पुढे दुमडत राहायचं आणि कितव्या वेळी तुटतो ते मोजायचं.

मला एक विचारायचं आहे, चौकशी म्हणून नव्हे, कवितेसाठी. कागद कुठला होता? 'कोरा चौकोन' म्हणून कागद कळत नाही. कुठलातरी एक कागद असणार ना?

वर्गमूळ

फर्मा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. उघड्या तावावर उलटी छापलेली पानं घडीनंतर सरळ होतात, ही स्वतंत्र कविता आहे. कुणीतरी लिहा.

कंसातला

थोडं अवांतर. माझे काका औषधाच्या पुड्या बांधायचे. कागदाचा चौकोन, मध्ये मोजून पूड, दोन्ही कडा आत, मग दोन टोकं एकमेकांत. डिंक नाही, दोरा नाही, आणि आतली पूड सांडत नाही. बोलता बोलता करायचे, हाताकडे बघतही नसत. मी कागद समोर ठेवून कितीदा प्रयत्न केला, माझी पुडी खिशात उघडतेच. काकांना विचारलं कसं करता, तर त्यांना सांगता येईना. हात आपोआप चालायचा, सांगायला गेले की अडायचा.

तिरपी रेघ

फर्मा, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस झोपू दिलं नाही.

कागद कोरा नव्हता. 'कोरा' मी कवितेसाठी केला.

माझ्या लहानपणी आई हिशेबाच्या वहीतली पानं फाडून पक्षी करायची. त्यातला एक माझ्याकडे उरला होता, पुस्तकांच्या मागे. एका पंखावर तिच्या अक्षरातले दोन आकडे, बाकी सगळं घड्यांच्या आत. तीनेक महिन्यांपूर्वी मी तो उलगडला. वाचायला नव्हे, तो कसा करतात ते मला यायचं नाही म्हणून. वाटलं, रेघा तर पडलेल्याच आहेत, त्यांच्या मागे मागे गेलं की झालं. पंखांपर्यंत आले. मान येईना. चार-पाच वेळा केलं, कागद मऊ पडायला लागला, मी घाबरले.

आई समोरच बसली होती. तिचे हात आता थरथरतात, पेलाही दोन हातांनी धरावा लागतो, तेव्हा तिच्या हातात देण्यात अर्थ नव्हता. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तीच रेघ आहे. उलटी घे." बास. घेतली आणि मान वर आली.

घडीवर घडी यांनी आतल्या उलट्या घडीबद्दल लिहिलं, ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्या जागेला नाव आहे हे मला माहीत नव्हतं.

दोन ओळी

ताई, कविता तुमच्याजवळ आधीपासून होती. तुम्ही ती 'कोरा', 'हजार' आणि 'आयुष्य' या तीन शब्दांखाली झाकलीत. हेच लिहा.

फर्मा

जुन्या वहीचा कागद पिवळा पडलेला असेल तर जपा. त्यात आम्ल असतं, वर्षांगणिक तो ठिसूळ होतो आणि घडीच्या रेघेवरच आधी तुटतो. तुमचा मऊ पडला म्हणजे अजून जीव आहे. पण आता पुन्हा उघडू नका.

शेवंती

तुमच्या आईंचं वाक्य वाचून डोळे भरून आले. तरीही माझं म्हणणं तेच आहे. हे सगळं आम्हाला तुम्ही गद्यात सांगितलंत म्हणून कळलं. कवितेत कुणीतरी ते सांगायला हवं.

तिरपी रेघ

दुसरा खर्डा. कात्री, दुःख, आठवणी, आयुष्य, सगळं काढलं. 'कोपऱ्यावर कोपरा' अनुष्टुभ यांच्याकडून घेतला आहे, त्यांनी हरकत घेतली तर परत करीन.

*उलटी घडी*

*आईने केलेला पक्षी मी उलगडला*
*कसा केला ते कळावं म्हणून.*

*आत तिच्या अक्षरात*
*हातचा एक*
*आणि पंखाखाली गेलेली बेरीज.*

*रेघा सगळ्या जागेवर होत्या.*
*मी एकेक धरत गेले.*
*कोपऱ्यावर कोपरा आला,*
*पंख आले,*
*मान येईना.*

*आई बघत होती,*
*थरथरते हात मांडीवर ठेवून.*
*"तीच रेघ," ती म्हणाली,*
*"पण उलटी."*

*मी डोंगराची दरी केली*
*आणि मान वर आली.*

अनुष्टुभ

हरकत कसली, ठेवा. आणि या कवितेला छंदाची गरज नाही हे कबूल करतो. 'मान येईना' या तुटलेल्या ओळीतच तिची घडी आहे.

घडीवर घडी

तंत्र बिनचूक. 'रेघा सगळ्या जागेवर होत्या, मान येईना' हे इतकं खरं आहे की मी शिकवायला बसेन तेव्हा वाचून दाखवीन, तुमची परवानगी असेल तर.

नवखा

मला वर सगळं वाचल्यामुळे डोंगर-दरी कळली. पण हा धागा न वाचलेल्याला शेवटचं कडवं कळेल का? माझ्या मोठ्या भावाला नुसती कविता पाठवली. तो म्हणाला, "अचानक डोंगर कुठून आला?"

वर्गमूळ

नवखा यांचा मुद्दा बरोबर आहे. मला स्वतःला डोंगर-दरी फार आवडते, मीच ती इथे आणली. पण आईंच्या तोंडी तो शब्द नाही. त्या 'उलटी' म्हणाल्या. शेवटी आमची परिभाषा त्यांच्या शब्दावर चढून बसते.

दोन ओळी

अगदी. डोंगर काढा. आणि 'थरथरते' काढा. हात मांडीवर आहेत आणि पक्षी मुलगी करते आहे, यातूनच वाचकाला हातांचं कळेल. थरथर सांगितली की आपण आईंकडे दयेने बघायला लागतो, आणि या कवितेत ज्यांना सगळ्यात जास्त येतं, त्या आईच आहेत.

शेवंती

थरथर काढू नका. मांडीवर हात ठेवून तर कुणीही बसतं.

ओंजळ

मी शेवंतीताईंच्या बाजूने. दोन ओळी, तुम्ही फार काढता. थोडं राहू द्या ना. 'उलगडला' ते 'मान वर आली' एवढ्यात आईंचे थरथरते हात एवढंच त्यांचं दिसलं, ते असू दे.

तिरपी रेघ

रात्रभर दोन्ही करून पाहिलं, मोठ्याने वाचूनही पाहिलं. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हात थरथरतात तर थरथरतात म्हण, त्यात काय लपवायचं." तेव्हा थरथर राहील, पण विशेषण म्हणून नाही. डोंगर गेला. शेवट आता असा:

*आई बघत होती.*
*हात मांडीवर,*
*एक दुसऱ्याला धरून.*
*"तीच रेघ," ती म्हणाली,*
*"उलटी घे."*

*घेतली.*
*मान वर आली.*

मूळ प्रश्न शेवटच्या कडव्याचा होता. ते काढलं. शेवंतीताई, तुमचं म्हणणं मी खोडून काढू शकले नाही. ते कडवं तुमच्यासारख्या कुणाला हवं असेल हे मला ठाऊक आहे. पण ते माझ्या तोंडी शोभत नव्हतं. मला त्या दिवशी आयुष्याबद्दल काहीही कळलं नाही, फक्त मानेची घडी कळली.

शेवंती

'एक दुसऱ्याला धरून' इथे मी हरले. ठेवा अशीच. पहिली कविता मात्र मी उतरवून घेतली आहे, ती माझ्याकडे राहू द्या.

दोन ओळी

'एक दुसऱ्याला धरून' हे मला सुचलं नसतं. माझी 'थरथरते काढा' ही सूचना अर्धवट होती. मी काढायला सांगितलं, त्या जागी काय येईल ते पाहिलं नाही. एकच शंका उरली: 'पंखाखाली गेलेली बेरीज' उलगडलेल्या कागदावर पंखाखाली कशी? उलगडल्यावर पंखच नाही.

तिरपी रेघ

बरोबर पकडलंत! 'एरवी पंखाखाली असणारी बेरीज' केलं तर लांबतं. 'आणि अर्धी राहिलेली बेरीज' करते. तशीही ती अर्धीच होती.

वर्गमूळ

सवयीने विचारतो, राहवत नाही. ती अर्धी का होती?

तिरपी रेघ

आज विचारलं. आई म्हणाली, हातचा वर लिहिला आणि मिळवायचाच राहिला, पान चुकलं, म्हणून फाडून त्याचा पक्षी केला. चांगल्या पानांचे ती कधी करायची नाही म्हणे.

पाऊलखूण

हे कवितेत घालू नका हं.

तिरपी रेघ

नाही घालत.